पेट स्कॅनचं निम्मं काम घरीच होतं

देवगड तालुक्यातल्या एका गावातून एका सुनेनं विचारलं आहे. सासूबाई ६२ वर्षांच्या. दहा वर्षांपासून मधुमेह. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, नंतर केमो आणि शेक (रेडिएशन) झाला. आता पाठ सतत दुखते आणि काखेत गाठ हाताला लागते, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला आहे. रात्रीच्या गाडीनं निघायचं, सकाळी स्कॅन करायचा आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं, असा बेत आहे. प्रश्न असे: उपाशी म्हणजे नेमकं किती आणि कसं? शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं? घरात आठ महिन्यांचं बाळ आहे आणि ते अजून अंगावर पितं, त्याला किरणं बाधतील का? आणि शेवटी, शेजारपाजारचे म्हणतात की पेट सांगितला म्हणजे आता हातात काही उरलं नाही, ते खरं आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात घेऊन रात्रभर प्रवास करणं फार जड असतं. नाही, ते खरं नाही. आजार कुठवर आहे हे उपचार सुरू होण्याआधी पाहायला पेट करतात, औषध लागू पडतंय का हे मध्येच तपासायला करतात, आणि आजार परत आल्याची शंका आली तर ती खरी की खोटी हे ठरवायलाही करतात. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न या तिसऱ्या प्रकारातला आहे. पाठदुखीचं कारण साधी मणक्याची झीजही असू शकतं. ते कळावं म्हणूनच हा खटाटोप आहे.

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात डॉक्टर आहे. माझ्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येणारे रुग्ण भरपूर असतात. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला सारखी टोचते. मशीन चांगलं असतं, माणसं चांगली असतात, तरी स्कॅन पुढे ढकलावा लागतो किंवा झालेला स्कॅन नीट वाचता येत नाही. कारण बहुतेक वेळा आदल्या चोवीस तासांत घडलेलं असतं, आणि त्याबद्दल त्या माणसाला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. अपॉइंटमेंटच्या कागदावर ‘सहा तास उपाशी’ एवढंच लिहिलेलं असतं. मुंबईतला माणूस दोन दिवसांनी पुन्हा येऊ शकतो. कुडाळ-कणकवलीच्या माणसाला मात्र पुन्हा तिकीट, पुन्हा रजा, पुन्हा कुणाकडे तरी उतरणं, असं सगळं नव्यानं करावं लागतं. म्हणून हे उत्तर लांबलं तरी चालेल असं मी ठरवलं आहे.

हातात टोचतात ते औषध म्हणजे ग्लुकोजचाच जवळचा भाऊबंद आहे. त्याला एफडीजी म्हणतात. ग्लुकोजच्या रेणूत थोडा बदल करून त्यावर फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी साखर अधाशासारखी ओढतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी हे १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. पेशी एफडीजीही साखर समजून आत घेतात, पण पुढे ती पचवता येत नाही, म्हणून ती तिथेच अडकते. फ्लोरीन-१८ मधून पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो आणि त्या जागेवरून दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. तुमच्याभोवतीचं मशीनचं कडं हे दोन्ही किरण एकाच क्षणी टिपतं आणि ते कुठून आले हे काढतं. सोबत सीटी स्कॅन होतो, त्यामुळे ती जागा हाडात आहे की फुप्फुसात हे कळतं. म्हणजे आम्ही पाहतो ते एवढंच, की शरीरात साखर कुठे जास्त ओढली जाते.

उपाशी राहायचं कारण यातच आहे. जेवलेल्या माणसाच्या रक्तात साधी साखर आधीच भरपूर असते. पंगत भरलेली असली की उशिरा आलेल्याला पान मिळत नाही, तसं आमच्या औषधाला पेशीत जायला जागाच उरत नाही. त्यात जेवणानंतर शरीर इन्सुलिन सोडतं, आणि इन्सुलिन साखर स्नायूंकडे आणि हृदयाकडे ढकलतं. त्याबरोबर आमचं औषधही तिकडेच जातं. मग चित्रात हातापायांचे स्नायू उजळतात आणि जी गाठ शोधायची ती फिकी पडते. अशा स्कॅनवर ‘काही दिसलं नाही’ असं लिहायला आम्हाला भीती वाटते, आणि तशी वाटायलाच हवी.

तेव्हा उपाशी म्हणजे इंजेक्शनच्या आधी किमान चार ते सहा तास साध्या पाण्याशिवाय काहीही नाही. चहा नाही, बिनसाखरेचा दुधाचा चहासुद्धा नाही. शहाळं नाही, त्यात साखर असते. कोकम सरबत नाही. उपवासाचं चालतं असं समजून साबुदाणा, केळं किंवा कपभर दूध घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. ते चालत नाही. खोकल्याचं गोड औषध, लिमलेटची गोळी, बडीशेपेवरची खडीसाखर हेही नको. इंजेक्शनच्या खोलीत शिरता शिरता एखादी आजी हळूच विचारते, “वायच पेज घेतलंय, चालात मां?” तिला नाही म्हणताना जीव तुटतो, कारण ती रात्रभर प्रवास करून आलेली असते आणि पेज म्हणजे खाणं असं तिला आयुष्यात कुणी सांगितलेलं नसतं. पेज म्हणजे शिजलेला तांदूळच. तो रक्तात लगेच साखर चढवतो. साधं पाणी मात्र भरपूर प्या. त्यावर बंदी नाही, उलट ते हवंच आहे.

आदल्या दिवशीचं जेवणही महत्त्वाचं आहे, आणि इथे कोकणातल्या माणसाची खरी परीक्षा होते. त्या दिवशी भात, तांदळाची भाकरी, आंबोळी, घावणे, पोहे, बटाटा, आंबा, फणस, गूळ यांपासून लांब राहा. पोट भरायला अंडी, चिकन, माशाचं तिखलं, पनीर, पालेभाज्या घ्या. बांगडा तळताना तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवू नका. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही हे मला ठाऊक आहे, पण हा एकच दिवस आहे. भात थोडा खाल्ला म्हणून स्कॅन रद्द होतो असं नाही. हे पाळलं तर चित्र स्वच्छ येतं, विशेषतः छातीच्या भागात, कारण हृदयाची चकाकी कमी होते.

आता मधुमेह. इथे तुम्ही सगळ्यात जास्त लक्ष द्या.

बहुतेक केंद्रांत इंजेक्शनआधी बोटाला टोचून शुगर पाहतात. ती २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर स्कॅन सहसा पुढे ढकलतात; १५० च्या आत असेल तर आम्हाला बरं वाटतं. म्हणून तारीख पक्की झाल्यावर लगेच, म्हणजे आदल्या रात्री नव्हे तर आठवडाभर आधी, सासूबाईंची उपाशीपोटीची शुगर घरी किंवा गावच्या दवाखान्यात तपासा. ती २२०-२४० येत असेल तर मुंबईला निघण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून औषध बदलून घ्या. केंद्रावर पोहोचून हे कळण्यात काहीच अर्थ नाही. आयत्या वेळी इन्सुलिन देऊन शुगर पाडली तर औषध स्नायूंकडे पळतं, आणि नंतर कित्येक तास थांबावं लागतं.

गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा. मेटफॉर्मिन असेल तर त्यानं आतडी फार उजळतात, इतकी की त्यामागे लपलेली गाठ दिसू नये. म्हणून पोटाचा भाग महत्त्वाचा असला की पुष्कळ केंद्रं ही गोळी ४८ तास आधी थांबवायला सांगतात. पण ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती बंद केल्यावर शुगर किती चढेल हे तुमच्या डॉक्टरांनाच सांगता येईल, आणि कधी कधी ती चालू ठेवणंच कमी नुकसानीचं असतं. बऱ्याच पाकिटांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड मिसळलेलं असतं. तशी गोळी उपाशीपोटी घेतली तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. त्यामुळे सकाळची गोळी स्कॅन होईपर्यंत घ्यायची नाही, हे डॉक्टरांशी बोलून पक्कं करा. इन्सुलिन घेणाऱ्यांना रात्रीचा डोस किती आणि सकाळी घ्यायचा की नाही हे लेखी हवं. लवकर काम करणारं इन्सुलिन आणि स्कॅनचं इंजेक्शन यांत किमान चार तासांचं अंतर लागतं. आणखी एक हिशेब करा. गाडीत रात्री आठला जेवलात आणि इंजेक्शन सकाळी नऊला मिळालं, तर तेरा तास पोट रिकामं राहतं. मधुमेहाच्या माणसाला हे थोडं नाही. ग्लुकोमीटर बरोबर ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, डोकं गरगरलं तर लगेच शुगर पाहा, आणि ७० च्या खाली असेल तर सरळ साखर-पाणी द्या. स्कॅन बुडाला तरी चालेल. स्कॅनची तारीख पुन्हा घेता येते.

अपॉइंटमेंट घेताना मधुमेह आहे हे आधीच सांगितलं, तर चांगलं केंद्र सकाळच्या सोयीची वेळ देतं.

आदल्या दिवशी अंगमेहनत नको. लावणीचे दिवस असोत की आंबा काढण्याचे, पाणी भरणं असो की लाकडं फोडणं, चोवीस तास विश्रांती हवी. राबलेले स्नायू दुसऱ्या दिवशीही साखर मागत राहतात. गावात शिमगा असेल आणि पालखी नाचवायचा मोह झाला, किंवा रात्री भजनाला बसायचं असेल, तर यावेळी नको म्हणा. गायलं की गळ्याचे स्नायू उजळतात, आणि घशाच्या किंवा मानेच्या आजारात ती चकाकी आजाराची की भजनाची हे सांगणं अवघड होतं. चघळण्याचंही तेच आहे. पान, सुपारी, तंबाखू, च्युइंगगम यांनी जबड्याचे स्नायू चमकतात. कित्येक बायका सकाळी उठल्याबरोबर मिश्री लावतात आणि ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. त्या सकाळी मिश्री नको. तशी ती कधीच नको, पण तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

थंडीचीही काळजी घ्या. आपल्या मानेत, खांद्यांपाशी आणि मणक्याजवळ एक तपकिरी चरबी असते, जी थंडी वाजली की ऊब निर्माण करायला साखर जाळते. ती उजळली की मानेतल्या गाठींसारखी दिसते. लहान मुलं आणि सडपातळ तरुण मुली यांच्यात हे जास्त घडतं, पण वयानं मोठ्या माणसांतही दिसतं. एसी डब्यात रात्रभर कुडकुडत आलेला माणूस पुढे आमच्या थंड खोलीत येतो. शाल, स्वेटर, पायमोजे बरोबर घ्या आणि ते गाडीतच घाला.

वेळेचं गणित मी थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्यावर रुग्णांचा सगळ्यात जास्त राग याच्यावरून असतो. फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. ते साठवून ठेवता येत नाही. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात पहाटे तयार करतात. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. आता ती अनेक शहरांत आहेत, पण प्रत्येक केंद्राजवळ नाहीत. जिथे नाहीत तिथे औषध दुसऱ्या शहरातून शिशाच्या डब्यात गाडीनं किंवा विमानानं येतं. तुमच्या नावाचा डोस वजनाप्रमाणे मोजून, तुमच्या वेळेचा हिशेब धरून मागवलेला असतो. तुम्ही दोन तास उशिरा पोहोचलात तर तो निम्म्याहून कमी उरलेला असतो. उलटही होतं: सायक्लोट्रॉन बंद पडलं किंवा विमान चुकलं तर तुम्ही वेळेवर असूनही तुम्हाला बसून राहावं लागतं, कधी परत पाठवावं लागतं. त्यात कुणाचा हलगर्जीपणा असेलच असं नाही.

म्हणून पावसाळ्यात त्याच सकाळी उतरून थेट स्कॅनला जायचा बेत करू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक मुळातच संथ असतं, आणि दरड आली की त्याचाही भरवसा राहत नाही. कोल्हापूरला जाणार असाल तर घाटाचंही तसंच. एक दिवस आधी जा. मुंबईत ओळखीचं कुणी नसेल तर दादर पूर्वेची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं आसरा देत आली आहे. जागा आणि लागणारे कागद यांची आधी चौकशी करा. गणपतीच्या आसपासची तारीख मिळत असेल तर परतीचं तिकीट आहे का ते पाहूनच हो म्हणा. आणि येणं जमत नसेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करा. तो डोस दुसऱ्या कुणाला तरी मिळतो.

बरोबर काय आणायचं? सगळे कागद. हे मी आग्रहानं सांगते. ऑपरेशनचा कागद, तुकडा तपासणीचा रिपोर्ट, शेवटची केमो आणि शेवटचा शेक यांच्या तारखा, आधीचे सीटी किंवा पेट आणि त्यांच्या सीडी, रोजच्या औषधांची पाकिटं. अलीकडची क्रिएटिनिनची तपासणीही, कारण सीटीसाठी डाय, म्हणजे चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, द्यायचा असेल तर किडनी कशी आहे हे पाहावं लागतं. सासूबाईंना पूर्वी कधी डायची ॲलर्जी आली असेल तर ती आत गेल्या गेल्या सांगा.

तिथे गेल्यावर इंजेक्शन उजव्या हातात द्यायला सांगा. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं आहे आणि शंकाही त्याच काखेची आहे. औषध शिरेबाहेर थोडं जरी सांडलं, तर त्या बाजूच्या काखेतली गाठ विनाकारण चमकू शकते. टोचल्यावर जळजळ झाली किंवा फुगलं तर गप्प बसू नका. इंजेक्शननंतर साधारण तासभर एका खोलीत पडून राहायचं. नातेवाईकाला आत सोडत नाहीत. दारावर किरणांचा इशारा देणारं पिवळं त्रिदली चिन्ह असतं, आतला माणूस काचेपलीकडून बोलतो, आणि वयस्कर माणसं घाबरतात की आपल्याला असं वेगळं का टाकलं. त्यांना घरूनच सांगून ठेवा: तिथले कर्मचारी हे काम रोज करतात, म्हणून ते अंतर राखतात, तुमच्यात काही भयंकर सापडलं म्हणून नव्हे. त्या तासात बोलायचं नाही, मोबाइल पाहायचा नाही, हात हलवत राहायचं नाही. पाणी पीत राहायचं. मशीनवर जाण्याआधी लघवी करून यायचं, कारण हे औषध लघवीतून बाहेर पडतं आणि भरलेलं मूत्राशय ओटीपोटातलं बाकी सगळं झाकून टाकतं.

प्रत्यक्ष स्कॅन पंधरा ते तीस मिनिटांचा असतो. एमआरआयसारखा खडखडाट नसतो आणि कडं बरंच मोकळं असतं. हात डोक्यावर घ्यावे लागतात. ऑपरेशननंतर त्यांचा डावा खांदा आखडला असेल तर आधी सांगा, उशी देऊन जमवता येतं. अंगावरचा धातू काढावा लागतो. मंगळसूत्र काढायला बायका बिचकतात; ते घरीच समजावून, हवं तर पिशवीत ठेवून द्या, म्हणजे तिथे ऐन वेळी डोळ्यांत पाणी येत नाही. शरीरातला धातू, म्हणजे हाडातला स्क्रू, हृदयातला स्टेंट वगैरे, यानं काही बिघडत नाही, फक्त सांगायचं.

आता बाळाचा प्रश्न. इंजेक्शनमधून सासूबाईंना मिळणारा किरणांचा डोस साधारण ५ ते ७ मिलिसीव्हर्ट असतो. सीटीचा त्यात मिळवावा लागतो. सीटी साधा असेल तर थोडा, डाय देऊन पूर्ण असेल तर जास्त. माती, आकाश आणि अन्न यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच, त्यावरून अंदाज करा. कर्करोगाची शंका असलेल्या ६२ वर्षांच्या बाईच्या बाबतीत या तपासणीचा फायदा या डोसापेक्षा कितीतरी मोठा आहे, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही.

तिच्या शरीरातलं औषध दर दोन तासांनी निम्म्याच्या आसपास येतं, आणि त्यातलं बरंचसं लघवीतून जातं. सकाळी नऊचं इंजेक्शन रात्री अकराला, कोकणकन्या मुंबईहून सुटायच्या वेळेला, शंभरातला एक भागही उरत नाही. डब्यात शेजारी बसणाऱ्याला काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचल्यावर त्यांनी नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. त्यांचे कपडे, भांडी वेगळी ठेवायची गरज नाही. स्कॅननंतरचे पहिले सहा ते बारा तास मात्र लहान मूल आणि गरोदर बाई यांच्यापासून दोन हात लांब राहायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि दर वेळी संडासात दोनदा पाणी सोडायचं.

म्हणूनच माझं सांगणं असं की बाळाला मुंबईला आणू नका. तुम्ही अंगावर पाजता. सोबत तुमचे यजमान किंवा नणंद गेली तर सगळ्यात सोपं. तुम्हालाच जावं लागलं तरी घाबरू नका. स्कॅन झालेल्या बाईच्या सोबत असल्यानं तुमच्या दुधात काहीही उतरत नाही. फक्त इंजेक्शननंतर दिवसभर तिला खेटून बसू नका. सोबत जाणारी बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर तिनं जाऊच नये. आणि ज्या रुग्णाची स्वतःची पाळी चुकली आहे तिनं ते इंजेक्शनआधी सांगायलाच हवं, कितीही संकोच वाटला तरी.

रिपोर्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतो, आजकाल मोबाइलवर येतो. इथे माझी कळकळीची विनंती आहे. तो गाडीत बसून, शब्द शोधत, भावकीला फोन करत वाचू नका.

चमकलं म्हणजे कर्करोग नव्हे. मेंदू रोज चमकतो, कारण तो साखरेवरच चालतो. हृदय, किडन्या, मूत्राशय, आतडी हे सगळे उजळतात. जिथे जंतूंशी लढाई चालू असते तिथे पांढऱ्या पेशीही साखर ओढतात. आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण टीबी. छातीतल्या टीबीच्या गाठी कर्करोगाइतक्याच प्रखर दिसू शकतात. सासूबाईंना किंवा घरात कुणाला कधी टीबी झाला असेल तर ते सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्या एका वाक्यानं आमचं वाचन बदलतं. पावसाळ्यात लेप्टोचा किंवा दुसरा कुठला ताप नुकताच येऊन गेला असेल, दाताचं गळू असेल, पायाला चिघळलेली जखम असेल, दंडावर लस घेतली असेल, तेही सांगा. लसीनंतर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काही आठवडे उजळतात. ऑपरेशननंतर सुमारे सहा आठवडे आणि शेकानंतर दोन-तीन महिने भरून येणारी जागाही चमकते. केमोनंतर दोन-तीन आठवडे थांबलं तर चित्र खरं मिळतं. ताप अंगात असेल आणि कर्करोगाचे डॉक्टर थांबायला तयार असतील, तर स्कॅन पुढे ढकललेला बरा.

उलट बाजूही आहे. आठ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ निसटू शकते. मेंदू स्वतःच उजळलेला असल्यानं त्यातली लहान गाठ या स्कॅनवर नीट दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. काही कर्करोग साखर फारशी ओढतच नाहीत. प्रोस्टेटसाठी म्हणून पीएसएमए पेट करतात आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी डोटा प्रकारचा. त्या स्कॅनना बहुधा उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे ‘पेट’ एवढंच ऐकून घरच्या कुणाला उपाशी ठेवू नका. कुठला पेट ते विचारा.

रिपोर्टमध्ये ‘एसयूव्ही’ म्हणून आकडे असतात, म्हणजे एखाद्या जागेनं औषध किती ओढलं याचं माप. लोक ते परीक्षेतल्या गुणांसारखे वाचतात आणि चार आहे की बारा यावर रडतात. हा आकडा शुगर किती होती, इंजेक्शननंतर किती वेळानं स्कॅन झाला, मशीन कुठलं होतं, यावर हलतो. आधीच्या स्कॅनशी तुलना करायची असेल तर शक्यतो त्याच केंद्रात करा. आणि काखेतल्या गाठीवर चकाकी आली, तर बहुधा तिचा तुकडा काढून तपासावा लागेल. पेट सुई कुठे घालायची हे दाखवतो. गाठ कशाची आहे हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं.

खर्च खासगी केंद्रांत साधारण दहा-बारा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातो, शहराप्रमाणे आणि स्कॅनप्रमाणे. डायचे पैसे वेगळे का, सीडी मिळणार का, हे फोनवर विचारा. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. महात्मा फुले योजनेत तुमच्या उपचाराचं काय बसतं हे त्याला विचारा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. दाखला तहसीलमधून निघायला वेळ लागतो, म्हणून तो आजच काढायला टाका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते, भले ती माझ्याच विभागाच्या विरोधात जाईल. प्रत्येकाला पेट लागत नाही. तक्रार काहीच नसलेल्या निरोगी माणसानं ‘एकदा सगळं तपासून घेऊ’ म्हणून तो करू नये. स्तनाचा कर्करोग अगदी सुरुवातीच्या पायरीवर सापडला आणि दुसरं काही लक्षण नसेल, तर तिथेही तो सरसकट लागत नाही. डॉक्टरांना नम्रपणे विचारा की या स्कॅननं उपचारात काय बदल होईल. चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: हाडात काही आहे का आणि काखेच्या पलीकडे आजार गेला आहे का, यावर पुढचं औषध, शेक किंवा ऑपरेशन ठरणार आहे. म्हणून हा स्कॅन करावा. त्यात काही निघालं नाही, तर पुढे दर सहा महिन्यांनी पेट करत राहायचं नाही. नेमाची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी पुरते. नवी गाठ, न थांबणारं दुखणं, दम लागणं किंवा वजन घटणं असं काही दिसलं, तर पुन्हा विचार करायचा.